पळणाऱ्या गाडीमागे पोलिसांनी कधी लागावं?

हेल्मेट नाही म्हणून हवालदारानं हात दाखवला. दुचाकीवाल्यानं गाडी बाजूला घ्यायचं सोडून अ‍ॅक्सिलरेटर पिळला आणि तो निसटला. शेजारी बीट मार्शलची, म्हणजे गस्तीवरच्या पोलिसांची, मोटारसायकल चालूच आहे. मागे लागायचं की नंबर घ्यायचा, हे ठरवायला दोन-तीन सेकंद मिळतात आणि या दोन-तीन सेकंदांत बहुतेक वेळा राग निर्णय घेतो. ‘आपल्याला न जुमानता गेला’ हा तो राग.

माझं मत आधीच सांगून टाकतो. गाडी पळाली, एवढ्यावरून तिच्या मागे लागू नये. पळायच्या आधी त्या माणसानं काय केलं होतं आणि आपण मागे नाही गेलो तर पुढच्या पाच-दहा मिनिटांत तो कुणाच्या जिवावर उठणार आहे का, हे दोनच प्रश्न विचारायचे. पळाल्यानंतर त्यानं तोडलेले सिग्नल, राँग साईड, ऐंशीचा वेग हे हिशेबात धरायचं नाही. त्यातलं बरंचसं आपण मागे लागल्यामुळे झालेलं असतं. ही गल्लत नेहमी होते. मागे लागल्यामुळे तो बेफाम होतो आणि मग ‘बघा, किती बेफाम चालवतोय, पकडायलाच हवा’ असं म्हणून पाठलाग लांबत जातो.

हेल्मेटसाठी माणसं मेली आहेत, तीही हेल्मेट नसल्यामुळे नव्हे तर ते तपासताना. मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूत तिरुचिरापल्लीजवळ पोलीस निरीक्षकानं एका जोडप्याच्या दुचाकीचा पाठलाग करून तिला लाथ मारली. मागे बसलेली बायको पडली आणि गेली. मे २०२५ मध्ये कर्नाटकात मंड्याला आई-बाप तीन वर्षांच्या मुलीला दवाखान्यात नेत होते. तपासणीसाठी दुचाकी अडवताना तिघं पडली आणि मुलगी मागून आलेल्या वाहनाखाली सापडली. तीन सहायक फौजदार निलंबित झाले. केरळ उच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलं होतं, की हेल्मेटसाठी रस्त्याच्या मधोमध उड्या घेऊन गाड्या अडवू नका, पाठलाग करू नका, कॅमेरे वापरा. त्याच महिन्याच्या अखेरीस कोल्लम जिल्ह्यात कडक्कलला न थांबलेल्या दुचाकीवर पोलिसानं लाठी फेकली, तरुण गंभीर जखमी झाला. न्यायालयाचा शब्द रस्त्यावरच्या शिपायापर्यंत पोचायला मधल्या प्रत्येक अधिकाऱ्यानं तो रोजच्या हजेरीत वाचून दाखवावा लागतो. तसं झालं नाही तर निकाल कागदावरच राहतो.

कायदा काय म्हणतो ते बघू. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११९ नुसार वाहतूक नियंत्रण करणाऱ्या पोलिसाचा इशारा पाळावाच लागतो. कलम १३० नुसार गणवेशातल्या पोलिसानं मागितला तर परवाना दाखवावा लागतो. आदेश मोडला तर कलम १७९, म्हणजे २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन हजार रुपयांपर्यंत दंड. न थांबण्याची कायद्यानं लावलेली किंमत एवढी आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४३ अटकेसाठी आवश्यक ते उपाय वापरायची मुभा देतं, पण फाशी किंवा जन्मठेपेचा गुन्हा नसलेल्या माणसाचा जीव घ्यायचा अधिकार देत नाही, असंही तिथंच लिहिलंय. कलम ४६ म्हणतं, पळू नये म्हणून लागेल त्यापेक्षा जास्त बंधन घालू नका. कलम ४५ खाली संशयिताच्या मागे देशात कुठंही जाता येतं, हद्दीचा प्रश्न येत नाही. म्हणजे मागे जायचा अधिकार आहे. तो वापरायचा की नाही, हा वेगळा निर्णय आहे आणि तो दर वेळी नव्यानं घ्यावा लागतो. आणि हो, चालत्या स्कूटरची किल्ली ओढून काढणं, हँडल धरणं, मागे बसलेल्याची कॉलर पकडणं यांतल्या कशाचाही अधिकार या कलमांत नाही. हँडलला हात लागला की ते वळतं आणि माणूस रस्त्याच्या बाजूला पडतो, फुटपाथच्या बाजूला क्वचितच.

आता वेगाचं गणित, कारण सगळा धोका तिथं आहे. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. समोर काही आलं, ते दिसून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरा, त्यात १७ मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागून थांबायला आणखी ९. एकूण २६ मीटर. हाच हिशेब ८० च्या वेगाला करा. दीड सेकंदात ३३ मीटर, ब्रेक लागल्यावर ३६, एकूण ६९. वेग दुप्पट, थांबायचं अंतर अडीच पटीहून जास्त. पावसात रस्ता ओला असला, वर वाळू किंवा चिखल असला, की यावर आणखी भर.

त्याच रस्त्यावर सात मीटर रुंदीचा भाग ओलांडणारी एक बाई डोळ्यांसमोर आणा. हातात भाजीची पिशवी, चाल साधी, म्हणजे सहा सेकंद लागणार. तिला शंभर मीटरवर मोटारसायकल दिसते. शहरात वावरून तिच्या अंगात चाळीसचा वेग मुरलेला आहे आणि चाळीसच्या वेगानं ती मोटारसायकल नऊ सेकंदांनी येईल, म्हणून ती पाऊल टाकते. गाडी ८० नं येतेय. साडेचार सेकंदांत ती पोचते आणि तेव्हा बाई अजून रस्त्यातच असते. ती वाचली, मोटारसायकल कट मारून गेली, तर ती थबकते, मान वळवून त्या मोटारसायकलीकडे बघत राहते. आणि मागून पोलिसांची गाडी येते. दुसरी गाडी जास्त घातक असते ती यामुळे. पहिलीकडे सगळ्यांचं लक्ष जातं, दुसरी कुणाच्या मनातच नसते. चौकातही तेच. सायरन ऐकून लोक थांबतात, पहिली गाडी गेली की ब्रेक सोडतात. दोन पोलीस गाड्यांचा सायरन एकाच सुरात असेल तर दोन आहेत हे कानाला कळतच नाही. म्हणून एकाहून जास्त गाड्या असतील तर सायरनचे सूर वेगळे ठेवावेत. काचा बंद करून एसी लावलेल्या गाडीत तर सायरन अगदी जवळ आल्याशिवाय ऐकूच येत नाही.

पाठलाग करणाऱ्याच्या शरीराचंही काहीतरी होत असतं. नजर समोरच्या गाडीच्या मागच्या दिव्यावर खिळते, आजूबाजूचं दिसेनासं होतं, वेळेचा अंदाज जातो. अशा माणसानं स्वतःच ‘अजून पुढे जायचं का’ हे ठरवणं चुकीचं आहे. त्याला ते ठरवता येत नाही, तो कितीही चांगला पोलीस असला तरी. निर्णय कंट्रोल रूममध्ये खुर्चीवर बसलेल्या ड्युटी ऑफिसरनं घ्यायचा. बीट मार्शलची जोडी असेल तर वायरलेस मागच्यानं धरायचा, पुढच्यानं फक्त चालवायचं. ८० च्या वेगात दहा सेकंद बोललं तर सव्वादोनशे मीटर मागे पडतात आणि तेवढा वेळ एक हात हँडलवर नसणं परवडत नाही. संदेशही छोटा हवा:

‘कंट्रोल, मार्शल तीन. काळी पल्सर, नंबर शेवटचे चार सात-एक-शून्य-दोन. कारण, हेल्मेट. वेग सत्तर. रस्ता भरलेला. दिशा, पुलाकडे.’

यात कारण आलं, वेग आला, गर्दी आली, दिशा आली. ड्युटी ऑफिसरला उत्तर द्यायला एवढं पुरतं आणि या संदेशाचं उत्तर एकच, ‘थांबा’. कारण सांगायला सुरुवातीलाच भाग पाडलं की निम्मे पाठलाग तिथंच संपतात, असं मला वाटतं. हेल्मेट हा शब्द स्वतःच्या तोंडून वायरलेसवर ऐकला, की त्याचं वजन किती ते कळतं.

मग मागे लागायचं कधी? २५ जानेवारी २०१२ ची सकाळ पुण्याच्या लोकांच्या लक्षात आहे. स्वारगेट आगारातून एका एसटी चालकानं बस पळवली आणि शहरभर माणसं चिरडत नेली. नऊ जण गेले, कित्येक जखमी झाले. तिथं कुणी मागे होतं म्हणून तो लोकांना मारत नव्हता. मागे कुणी नसतं तरी त्यानं मारलं असतं. तिथं मागे लागायचंच, हाताशी असेल ते सगळं घेऊन लागायचं. पण तिथंही मागच्या गाडीचं पहिलं काम पकडणं हे नसतं. ती बस आता कुठल्या रस्त्यावर आहे हे दर काही सेकंदांनी सांगणं आणि पुढचे चौक रिकामे करून घेणं हे तिचं पहिलं काम. गाडीत पळवलेलं मूल आहे, आतला माणूस नुकताच खून करून निघालाय आणि त्याच्या हातात हत्यार आहे, तो मुद्दाम लोकांच्या अंगावर गाडी घालतोय, अशी प्रकरणं या बाजूची. ही यादी छोटीच असायला हवी.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर काय झालं, ते मला या विषयात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दोन अतिरेकी पळवलेल्या स्कोडातून येत होते. कंट्रोल रूमकडून गाडीचं वर्णन वायरलेसवर गेलं आणि डी. बी. मार्ग पोलिसांची नाकाबंदी आधीच लागलेली होती. गाडी अडथळ्यांच्या अलीकडे थांबली, वळायचा प्रयत्न केला आणि दुभाजकावर अडकली. तुकाराम ओंबळे यांनी रायफलची नळी धरून ठेवली म्हणून एक जण जिवंत हाती लागला. या राज्यातल्या सगळ्यात धोकादायक पळत्या गाडीला कुणी मागून गाठलं नाही. बातमी तिच्या पुढे गेली आणि माणसं तिच्या पुढे उभी राहिली. वायरलेस कुठल्याही गाडीपेक्षा वेगानं जातो, हे आपल्याच पोलिसांनी रक्त सांडून दाखवलंय.

मधली प्रकरणं अवघड आहेत, त्यांच्यावर जरा थांबायला हवं. सोनसाखळी चोर घ्या. भारतीय न्याय संहितेत हिसकावून चोरी हा स्वतंत्र गुन्हा आहे, कलम ३०४, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. बाई पडून डोक्याला मार लागला तर प्रकरण आणखी गंभीर. पण मोटारसायकल बहुधा चोरीची, नंबरप्लेट खोटी, म्हणून ‘नंबर घ्या आणि सोडा’ हा सल्ला इथं लंगडा पडतो. शंभर टक्के सुरक्षित उत्तर इथं नाही. माझं म्हणणं असं, की रिकामा बायपास असेल, दिवसाउजेड असेल, मागे बसलेला वायरलेसवर असेल तर अंतर ठेवून मागे जावं. संध्याकाळचा बाजार, शाळा सुटायची वेळ, गणपतीची गर्दी असेल तर जाऊ नये, सोनं गेलं तरी. त्याऐवजी मिळालेल्या चार सेकंदांत बघून ठेवायचं ते बघून ठेवावं. आणि चार सेकंदांत बघायचा क्रम असतो. आधी नंबरचे शेवटचे चार आकडे, मग अक्षरं, मग जमलं तर जिल्ह्याचा आकडा. मग गाडीचं काही वेगळेपण, फुटलेला मागचा दिवा, स्टिकर, वाकडा सायलेन्सर. मग पायातलं. शर्ट आणि जॅकेट पुढच्या गल्लीत उतरतं, हेल्मेट पिशवीत जातं, पण बूट कुणी बदलत नाही. नंतर पंचवीस सीसीटीव्हींमधून माग काढताना पांढऱ्या सोलचे बूट कामाला येतात.

दारू पिऊन चालवणारा हा दुसरा अवघड प्रकार. तो पळायच्या आधीच धोकादायक आहे, हे खरं. पण त्याच्या मागे सायरन लावला की धुंदीतला पाय अ‍ॅक्सिलरेटरवर जातो. सोडून दिला तर सकाळपर्यंत रक्तातली दारू उतरते आणि कलम १८५ चा पुरावा जातो, हा खरा तोटा आहे, तो मान्य करायलाच हवा. तरीही मला वाटतं, दिवे-सायरन बंद ठेवून शंभर-दीडशे मीटर मागून जावं, पुढच्या पोलीस ठाण्याला कळवावं आणि तो आपोआप थांबेल तिथं, पेट्रोल पंपावर, सोसायटीच्या गेटवर, त्याला गाठावं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तर घाई करायचं कारणच नाही. बाहेर पडायच्या वाटा मोजक्या, खालापूर आणि तळेगावला टोलनाके, वर कॅमेरे. गाडी कुठून बाहेर पडणार हे आधीच ठाऊक असतं.

नाकाबंदीच नीट लावली तर पळणारे कमी होतात आणि पळाले तरी कमी नुकसान करतात. यात चुका ठरलेल्या असतात. वळण संपल्या संपल्या, उड्डाणपूल उतरतो तिथं किंवा अंधारात बॅरिकेड लावले जातात. चालकाला ते तीस मीटरवर दिसतात, तो दचकतो. काहीही गुन्हा न केलेला माणूसही दचकून कट मारतो. शंभर मीटर आधी परावर्तक फलक, मग हळूहळू लेन अरुंद करत नेणारे कोन, मग एकाआड एक असे दोन बॅरिकेड, मध्ये दहा-बारा मीटर, म्हणजे गाडीला नागमोडी जावं लागतं आणि वेग आपोआप पंधरा-वीसवर येतो. थांबवायची जागा डावीकडे, उजेडात. हात दाखवणारा कडेला उभा राहील, मधोमध नाही, आणि त्याच्या अंगात परावर्तक जॅकेट असेलच. पुढे दोनशे-तीनशे मीटरवर आणखी दोघं, फक्त नंबर टिपायला आणि कॅमेरा धरायला. त्यांनी रस्त्यावर यायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पळणाऱ्याला एक मोकळी वाट ठेवायची. ही वाट नसली तर तो फुटपाथवर चढतो, नाहीतर थांबलेल्या माणसांत घुसतो.

टायर पंक्चर करणाऱ्या काट्यांच्या पट्ट्यांबद्दल एवढंच: त्यांतले पोकळ काटे हवा हळूहळू सोडतात, त्यामुळे चारचाकी ताब्यात राहून थांबते. दुचाकीसाठी त्या कधीही वापरायच्या नाहीत. दोन चाकांवरची गाडी तिथंच पडते. पट्टी टाकणाऱ्यानं खांबाच्या किंवा भिंतीच्या आड उभं राहायचं. अमेरिकेत पट्टी टाकताना गाडीखाली आलेले पोलीस थोडे नाहीत.

‘सोडून दिलं तर सगळेच पळायला लागतील’ हा आक्षेप पोकळ नाही. न्यूझीलंडनं डिसेंबर २०२० मध्ये पाठलागाचे नियम कडक केले, त्यानंतर पळणारे वाढले आणि २०२३ मध्ये नियम पुन्हा सैल करावे लागले. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरानं उलटं करून बघितलं. २०१७ मध्ये नियम सैल केले आणि वर्षभरात पाठलाग ३६९ वरून ९४० वर गेले. म्हणजे नुसतं ‘पाठलाग करू नका’ म्हणून भागत नाही, पळणाऱ्याला नंतर गाठावंच लागतं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात पाठलागावर कडक मर्यादा आहेत, पण पोलिसांना चुकवून पळणं हा तिथं वेगळा आणि जड गुन्हा आहे, गाडी जप्त होते आणि मालकाला चालवत कोण होतं ते लेखी सांगावं लागतं.

आपल्याकडे यासाठी नवा कायदा लागत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १३३ आहेच: पोलिसांनी विचारलं की गाडी कोण चालवत होतं याची माहिती मालकानं द्यायची, न देणं हाही गुन्हा. केंद्रीय मोटार वाहन नियम १६७-अ नुसार ऑगस्ट २०२१ पासून अंगावरच्या आणि गाडीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण चलनासाठी चालतं आणि नोटीस पंधरा दिवसांत जायला हवी. एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबरप्लेट आहे, ती सहज काढता येत नाही. कलम १३३ ची नोटीस काढून पाठपुरावा करायला माणूस बसवावा लागतो, आणि ते काम कुणालाच नको असतं. पाठलागात शौर्य दिसतं, नोटिशीत दिसत नाही. म्हणून पोलीस ठाण्यात किती पकडले याच्या आकड्याबरोबर किती सोडलेले नंतर घरी गाठले, हाही आकडा लिहिला जावा असं मला मनापासून वाटतं.

पाठलाग थांबवायचा म्हणजे वेग थोडा कमी करायचा नव्हे. पळणारा आरशात बघतो. लाल-निळा दिवा दिसतोय तोवर तो पळतच राहतो. अमेरिकेत पोलिसांपासून असं गाडी पळवून नंतर तुरुंगात गेलेल्यांशी बोलून जो अभ्यास झाला, त्यात बहुतेकांनी हेच सांगितलं, की मागे पोलीस दिसेनासे झाल्यावर आपण वेग कमी केला असता. म्हणून सायरन बंद, दिवे बंद, वेग रस्त्याच्या मर्यादेत, आणि शक्य असेल तर पहिल्या वळणावर बाजूला वळून उभं राहायचं. मग वायरलेसवर: ‘मार्शल तीन, पाठलाग बंद. वेळ सात बेचाळीस. पुलाच्या अलीकडे थांबलोय.’ कंट्रोल रूमनं ती वेळ नोंदवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनी त्या नंबरच्या पत्त्यावर जायचं, बेल वाजवायची, दार उघडलं की नाव सांगून कलम १३३ ची नोटीस हातात द्यायची आणि विचारायचं, काल संध्याकाळी साडेसात ते आठच्या दरम्यान तुमची गाडी कोण चालवत होतं?